चिमणीला बाटली लावणारा माणूस

त्यांच्या शर्टाच्या खिशात पेन नसायचं, बाटली असायची. बोटभर उंचीची, काचेची, घट्ट बुचाची. आमच्याकडे खिशातल्या बाटलीचा एकच अर्थ होतो. त्यामुळे साखर कारखान्याचे चीफ केमिस्ट भर दिवसा घेतात, ही बातमी माझ्या जन्माआधीपासून आष्टी तालुक्यात पक्की होती.

बाटलीत चुन्याची निवळी असायची. चुना पाण्यात कालवून ठेवायचा, गाळ खाली बसला की वरचं नितळ पाणी काढून घ्यायचं. त्यातून कार्बन डायऑक्साइड गेला की ते दुधाळ होतं. हे आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केलं, मार्क घेतले आणि विसरून गेलो. हा एक माणूस विसरला नव्हता.

बाटलीच्या जोडीला पिशवीत सायकलचा पंप, पंपाला रबरी नळी. जिथे जातील तिथली हवा पंपाने निवळीत सोडायची आणि मनगटावरच्या घड्याळात बघायचं, पांढरी व्हायला किती वेळ लागतो. एसटीत बसले की मोजलं. लग्नाच्या हॉलमध्ये अक्षता पडत असताना मोजलं. कपिलधारला बायकोबरोबर दर्शनाला गेले, तर गाभाऱ्यात पंप काढून बसले. पुजारी धावत आले. त्यांना हे शांतपणे म्हणाले, "देवाला कायबी अडचण न्हाई, भक्तांना हाय. ती मागची खिडकी उघडा." खिडकी उघडली गेली. बायको मात्र पुन्हा त्यांच्याबरोबर देवाला गेली नाही.

कार्बन डायऑक्साइडला ते 'कर्ब' म्हणायचे. आपल्या चिमणीतून निघतोय तर नाव बी आपलंच पायजे, हे कारण. आणि चिमणीतून धूर 'निघतो' किंवा 'सुटतो' असं त्यांनी कधी म्हटलं नाही. 'सांडतो' म्हणायचे. सकाळी फाटकाशी सायकल टेकवायची, मान वर करून चिमणीकडे बघायचं आणि घरातलं दूध उतू गेल्यासारखा चेहरा करायचा. "आज लई सांडतंय."

दरवर्षी हंगामाच्या सुरुवातीला बॉयलर पेटवण्याचा समारंभ असतो. पूजा, नारळ, फेटे आणि चेअरमनचं भाषण. एका वर्षी चेअरमन कारखान्याच्या प्रगतीवर तास घेत होते. हे उठले, निवळीच्या बाटलीत कागदी नळी घातली आणि त्यांच्यापुढे धरली. "साहेब, जरा फुंका." सगळ्यांसमोर नाही कसं म्हणणार? चेअरमनने फुंकलं. निवळी पांढरीफेक.

"बघा," केमिस्ट लोकांकडे वळून म्हणाले, "चेअरमनसाहेब बी चिमणीच हायेत. फक्त उंची कमी."

लोक हसले, म्हणून चेअरमनही हसले. पुढच्या वर्षीपासून केमिस्टची खुर्ची तिसऱ्या रांगेत गेली.

मी त्यांना पहिल्यांदा भेटले ती भांडायला. मी तेव्हा कॉलेज संपवून गावात परत आले होते आणि पत्रकं काढत होते. माझं डोकं तापायला तेव्हा फार काही लागत नसे, आणि कारण तर चांगलंच होतं. हंगाम चालू असला की आमच्या गावावर कारखान्याची काजळी पडायची. धुतलेल्या कपड्यांवर, गुरांच्या पाठीवर, पाण्याच्या टाकीवर. त्या वर्षी माझ्या आईने माळवदावर घातलेल्या कुरडया संध्याकाळी काळ्या होऊन खाली आल्या. आईने परात शेणाच्या खड्ड्यात उपडी केली. मी मात्र त्याच रात्री पत्रक लिहिलं. मथळा होता, 'रक्तपिपासू धुराचा राक्षसी विळखा'.

ते मी फाटकावर वाटत होते. सायकलवरून उतरलेल्या एका किडकिडीत माणसाने ते घेतलं आणि उभ्याउभ्या पूर्ण वाचलं. हेच मुळात नवीन होतं. पत्रक घेतात, घडी घालतात आणि त्यावर भजी ठेवून खातात, एवढंच मी पाहिलं होतं.

"कुणी लिवलं?"

"मी."

"मोजलंस का?"

"काय मोजायचं?"

"धूर. कुठं पडतो, कवा पडतो, किती पडतो."

"माझ्या आईच्या कुरडया काळ्या झाल्या. अजून काय मोजायचं राहिलं?"

"किती कुरडया?"

मला वाटलं, हा माणूस थट्टा करतोय. तोवर त्यांनी कानावरची लाल पेन्सिल काढून माझं पत्रक खोडायला सुरुवात केली होती. रक्तपिपासू गेला. राक्षसी गेला. विळखा गेला. जीवघेणा, अमानुष, नृशंस, सगळे गेले. शेवटी पानभर मजकुरातल्या तीन ओळी उरल्या. कारखान्याची काजळी अमुक गावावर पडते, कपडे आणि खाणं खराब होतं, कारखान्याने ती थांबवावी.

"आता जे उरलं ना, त्याला आमच्याकडं उत्तर न्हाई," ते म्हणाले. "खोडलेल्याला हाय. म्हणून तर चेअरमन तुझं पत्रक वाचून दाखवतेत अन् हसतेत. ये की उद्या प्रयोगशाळेत, पत्रकबाई."

त्या दिवसापासून मी पत्रकबाई. साहेब म्हणायचं नाही हे माझं तत्त्व होतं, म्हणून मी त्यांना काका म्हणू लागले. "म्हण," ते म्हणाले, "पण मोजून म्हण. लई काका काका केलं की माणसं कामाचं इसरतेत."

दुसऱ्या दिवशी मी गेले नाही. तेच आमच्या घरी आले. आईकडून सहा स्टीलच्या ताटल्या मागितल्या, त्यांना तेलाचा हात फिरवला आणि माळवदावर ओळीने मांडल्या. आठ दिवस रोज येऊन ताटल्यांवर चिकटलेली काजळी खरवडून, तोलून, वहीत लिहिली. वही माझ्या हातात दिली. स्वतःच्या कारखान्याविरुद्धचा पुरावा, स्वतःच्या अक्षरात, खाली सहीसकट. मी विचारलं, "नोकरी जाईल की तुमची." ते म्हणाले, "ताटल्या तुमच्या, काजळी आमची. मी फक्त तोललं."

आईला हा माणूस तेव्हापासून आवडला. ताटल्या घासून परत दिल्या म्हणून.

काजळी ही त्यांच्या लेखी सोपी गोष्ट होती. पाण्याचा फवारा मारा, बसते खाली. करत नाहीत तो आळस, त्यावर भांड आणि जोरात भांड, म्हणायचे. त्यांची झोप उडवली होती ती काजळीनंतरच्या धुराने, जो दिसतच नाही त्याने. "काळं दिसतंय म्हणून तू आलीस. हा बिनरंगाचा हाय, म्हणून ह्याच्यावर कुणी पत्रक काढत न्हाई." जगात जिथे जिथे मोठ्या भट्ट्या आहेत, सिमेंटच्या, पोलादाच्या, विजेच्या, तिथे हा कर्ब चिमणीच्या तोंडाशीच कसा धरायचा यावर माणसं डोकी फोडतायत, हे मला पहिल्यांदा त्यांच्या प्रयोगशाळेत कळलं. ती प्रयोगशाळा म्हणजे रसाचे नमुने, माश्या आणि एक कुरकुरणारा पंखा.

निवळी धुराने पांढरी होते हे डोळ्यांनी पाहिल्यावर मी जी काय पेटले! सरळ पत्रकच छापलं, 'चुना वापरा, धूर पकडा!' ते घेऊन उड्या मारत गेले. काकांनी वाचलं आणि विचारलं, "चुना कुठून आला?"

"दुकानातून."

"दुकानात कुठून आला?"

मला चुनाभट्टीवर नेलं. सायकलच्या कॅरिअरवर बसवून, भर उन्हात. दगड भाजून चुना करतात तिथल्या धुरावर पंप मारला. निवळी क्षणात पांढरी. "दगड भाजताना जेवढा कर्ब सांडला, तेवढाच तुझा चुना परत धरणार. वर भट्टीचं सरपण जळलं ते अलगच. एका हातानं सांडायचं अन् दुसऱ्या हातानं पुसायचं." छापलेली सगळी पत्रकं मी आईला चुलीसाठी दिली. काकांनी त्यातलं एक प्रयोगशाळेच्या भिंतीवर चिकटवलं. खाली लाल पेन्सिलीने लिहिलं, 'चुना कुठून आला?' ते तिथे कायम राहिलं.

त्यांचा स्वतःचा उपाय राखेचा होता. कारखान्याच्या डिस्टिलरीतलं उरलेलं काळं पाणी आटवून जाळतात, त्याची राख फार खारी असते. ती पाण्यात उकळून गाळली की बुळबुळीत पाणी मिळतं. भांडी राखेने घासली की हात जसा बुळबुळीत होतो, तसंच. हे पाणी कोमट असताना धुरातला कर्ब धरतं आणि उकळलं की सोडून देतं. गार केलं की पुन्हा धरायला तयार. तेच पाणी, पुन्हापुन्हा. तापवायला कारखान्याची वाया जाणारी वाफ. "चुन्यासारखं भट्टीवर जायला नको. अन् राख आपल्याच घरची."

"आणि सोडलेला कर्ब? त्याचं काय करायचं?"

"ते अजून मला बी ठाव न्हाई. आधी जनावर धरायला तर शिकू. दावणीचं नंतर बघू."

मी जहाल होते, मला दुष्काळाचं उत्तर हवं होतं. गावोगाव टँकर चालू झाले होते, ऊस कारखान्याऐवजी चारा छावणीत चालला होता. "ह्यानं पाऊस पडेल का?" मी विचारलं.

"न्हाई. उद्या न्हाई, परवा न्हाई. पडंल म्हणून कुणी सांगितलं तर त्याला धरून माझ्याकडं आण."

"मग कावून करता एवढं?"

त्यांना प्रश्नच कळला नाही बहुतेक. चिमणीकडे बोट दाखवून म्हणाले, "माझ्या चिमणीतून सांडतंय म्हणून."

माझ्या सगळ्या पत्रकांत मिळून एवढं सरळ वाक्य नव्हतं.

यंत्रशाळेमागे त्यांनी जुन्या टाक्या एकावर एक जोडून दोन पुरुष उंचीचा मनोरा उभा केला होता. वरून राखेचं पाणी झिरपायचं, खालून धूर चढायचा, वाटेत दोघांची गाठ पडायची. फक्त तो चिमणीला जोडायला परवानगी हवी होती. आणि घाई होती. येणारा हंगाम त्यांचा शेवटचा. बॉयलर थंडावला की ते निवृत्त, आणि मनोरा भंगारात. त्यांच्यानंतर त्याला हात लावणारं कुणी नव्हतं.

आता इथे मी जे केलं ते सांगणं भाग आहे.

साखर कारखान्याची वार्षिक सर्वसाधारण सभा ज्याने पाहिली आहे त्याला माहीत आहे. मंडप, गाद्या, माईक. कार्यकारी संचालक म्हणतात, "विषय क्रमांक एक", आणि विषय सांगायच्या आत मंडप ओरडतो, "मंजूर!" अर्ध्या तासात अहवाल, ताळेबंद, सगळं मंजूर आणि जेवणाच्या पंगती. याची मला भयंकर चीड. मी ठरवलं, या वर्षी हे चालू द्यायचं नाही. गावातल्या तीस-पस्तीस पोरापोरींना घरच्या सभासदांबरोबर मंडपात बसवलं. त्याआधी मारुतीच्या पारावर आठ दिवस तालीम घेतली. 'विषय क्रमांक' हे शब्द कानावर पडले की एका दमात 'नामंजूर!' आई शेअरवाली सभासद, ती पहिल्या रांगेत.

सभा सुरू झाली. "विषय क्रमांक एक." "मंजूर!" "नामंजूर!" मंडप हलला. मंजूरवाले जास्त होते, पण आमचा आवाज ताजा होता. एकेक विषय करत मंजूरवाल्यांचे घसे बसले, काही पंगतीकडे सरकले. आम्ही पेटलेले. शेवटी ऐनवेळचे विषय आले. कार्यकारी संचालक पुटपुटले, "विषय क्रमांक अकरा. कारखान्याच्या चिमणीतील..."

"नामंजूर!"

काय आवाज होता! छताचं कापड फुगलं असेल. विरोधात एकही मंजूर आला नाही. चेअरमनने क्षणभर मंडपाकडे बघितलं आणि माईक हातात घेऊन अतिशय आनंदाने म्हणाले, "लोकशाही आहे. सभासदांचा कौल आम्हाला मान्य आहे. केमिस्टसाहेबांचा मनोऱ्याचा विषय नामंजूर."

आमची पोरं नाचायला लागली. कारखान्याच्या आयुष्यात पहिल्यांदा एखादा विषय पडला होता. मी कामगारांच्या कोपऱ्याकडे पाहिलं. काका खिशातली बाटली हातात घेऊन बसले होते.

पंगतीत ते माझ्यासमोर आले. "अभिनंदन, पत्रकबाई. पस्तीस वर्षांत कुणाला जमलं न्हाई ते केलंस."

"काका, मला माहीत नव्हतं तो विषय तुमचा..."

"माझा होता ह्याचं कायबी न्हाई. ऐकला न्हाईस. त्यांनी न ऐकता मंजूर म्हणायचं अन् तू न ऐकता नामंजूर म्हणायचं. मग तुझ्यात अन् त्यांच्यात फरक काय बाई?" मग माझा चेहरा बघून त्यांनाच वाईट वाटलं असावं. स्वतःच्या ताटातली जिलेबी माझ्या ताटात टाकून गेले. 

चार दिवस मी घराबाहेर पडले नाही. पाचव्या दिवशी आई म्हणाली, "तोंड लपवून मनोरा जोडला जाणार हाय का?" मी उठले आणि प्रयोगशाळेत गेले. काका निवांत होते.

"सभेनं मनोरा नामंजूर केलाय," ते म्हणाले. "पण चिमणीतल्या धुराचा नमुना घेणं हे केमिस्टचं काम हाय. त्याला सभा लागत न्हाई. करंगळीएवढ्या नळीनं मी नमुना घेणार. जरा जास्त वेळ घेणार, इतकंच."

चेअरमनना हे कळलं. ते यंत्रशाळेमागे आले, चिमणीपासून मनोऱ्यापर्यंत गेलेली नळी बघितली आणि विचारलं, "हे काय?"

"नमुना."

"एवढा लांब?"

"धूर लई उंच हाय, साहेब."

चेअरमन हसू दाबत निघून गेले. त्यांच्यात एवढा मोठेपणा असेल असं माझ्या एकाही पत्रकात नव्हतं.

हंगाम सुरू झाला आणि लगेच लंगडायला लागला. ऊसच नव्हता. पंधरवड्यात गाळप बंद होणार अशी पाटी लागली. मनोरा मात्र आत रिकामा होता. पाणी नुसतं भिंतीवरून ओघळून उपयोग नाही, ते पसरायला हवं. त्यासाठी आत हजारो छोट्या कड्या भरायला हव्यात. विकत आणायच्या तर त्याला पुन्हा सभा. मी माझ्या तीस-पस्तीस नामंजूरवाल्यांना गोळा करून आणलं. "ह्यांनी पाडलाय, आता हेच उभा करतील."

काकांनी सगळ्यांकडे बघितलं. "तुमच्यापैकी मोसंबीची बाग कुणाची वाळली?"

अर्धे हात वर झाले.

"ठिबकच्या नळ्या कुठंयत?"

नळ्या बांधावर वेटोळी होऊन पडल्या होत्या, पाणी संपल्यापासून. त्या आणल्या आणि नळीच्या जाडीएवढ्याच लांबीचे तुकडे करायला बसलो. कात्रीने हात दुखले. मग आईने कमरेचा अडकित्ता काढला. कट, कट, कट, सुपारीसारख्या कड्या पडायला लागल्या. दुसऱ्या दिवशी गावातले झाडून सगळे अडकित्ते यंत्रशाळेमागे हजर. म्हाताऱ्या पान खायच्या थांबल्या. एक आजी मला म्हणाली, "तुमच्या धुरापायी माझी सुपारी बंद झाली, पोरी. लवकर धरा त्याला."

पाण्यावरून मी पुन्हा भांडले. गावात टँकर आठवड्यातून दोनदा, आणि मनोऱ्याला पिपं? काकांनी मला एका नळाखाली हात धरायला लावला. कोमट पाणी आलं. "उसात निम्म्याहून जास्त पाणीच असतं. रस आटवला की वाफ होती, वाफ थंड केली की हे. विहिरीचा एक थेंब न्हाई घेतला. मोजून बघ." मी मोजून बघितलं. हल्ली मला तीही खोड लागली होती.

पहिला प्रयोग फसला. धूर चढला, पाणी झिरपलं आणि मनोऱ्याच्या डोक्यातून साबणासारखा फेस उसळला. बघताबघता आम्ही सगळे गुडघाभर फेसात. बॉयलरवरचा भानुदास वरून ओरडला, "साहेब, धूर धरताय का कपडे धुताय?" काका फेस झटकत राखेच्या पाण्यात काय राहून गेलं याचा हिशोब करत बसले. गाळप संपायला दोन दिवस उरले होते. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच मला म्हातारपण दिसलं.

आई पदराने हात पुसत म्हणाली, "गुळाच्या काईलीत फेस चढला की आमी चमचाभर तेल सोडतो. बसतो खाली."

काका तिच्याकडे वळले. "कोणतं तेल?"

"करडईचं. दुसरं काय असतंय घरात?"

"पस्तीस वर्षं साखर केली मी," ते सावकाश म्हणाले, "अन् गूळ करणाराला एकदा बी इचारलं न्हाई."

शेवटच्या दिवशी दुपारी गव्हाणीत उसाची शेवटची मोळी पडली. भानुदासने हाक दिली, "उसाचा भुसा हाय तवर वाफ हाय! संध्याकाळपस्तोर!" चमचाभर करडईचं तेल घालून राखेचं पाणी सोडलं. फेस आला, दबला, बसला. धूर चढू लागला. काकांनी दोन बाटल्या काढल्या. एक मनोऱ्याच्या पायथ्याशी, आत जाणाऱ्या धुराला. दुसरी डोक्याशी, बाहेर पडणाऱ्याला. शिडीवर ते स्वतः चढले.

खालची बाटली लगेच पांढरी. ते आम्हाला माहीतच होतं.

वरची बाटली. बुडबुडे निघतायत. आम्ही तीस-पस्तीस जण, पंधरा म्हाताऱ्या, भानुदास, सगळे माना वर करून. काका घड्याळाकडे बघतायत. बुडबुडे, बुडबुडे. कुणीतरी हळूच विचारलं, "काय झालं?"

"काय न्हाई झालं," काका वरून म्हणाले.

"म्हणजे फसलं?"

"अरे, काऽय न्हाई झालं!" त्यांचा आवाज फाटला. "नितळ हाय! पाण्यासारखी नितळ हाय! त्यातला कर्ब खालीच ऱ्हायला!"

आणि तो माणूस शिडीच्या वरच्या पायरीवर नाचला. भानुदासने धावत जाऊन शिडी धरली. काही झालं नाही म्हणून एवढा आनंद झालेली माणसं मी त्याआधी पाहिली नव्हती, नंतरही नाही. खाली उतरून त्यांनी मनोऱ्यातलं पाणी वाफेवर तापवलं, सुटलेला वायू तिसऱ्या बाटलीत सोडला. निवळी ताकासारखी दाट झाली. धरलेला होता, सुटला. "बघ," ते मला म्हणाले, "एवढा आज सांडला न्हाई."

संध्याकाळी बॉयलर थंडावला. काकांनी सायकल काढली, चिमणीकडे बघितलं आणि घरी गेले.

पुढच्या वार्षिक सभेला चेअरमनचा उत्साह काही विचारू नका. मोठ्या मनोऱ्याचा विषय त्यांनी स्वतः घेतला आणि ठराव लिहायला मला सांगितलं. "पोरी, तुझी लेखणी चांगली हाय." मी लिहिला. मनापासून लिहिला. पोरांना सांगून ठेवलं, पूर्ण वाचून होईपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही.

मंडप पहिल्यांदा गप्प बसला. कार्यकारी संचालकांना ठराव शेवटपर्यंत वाचायची सवयच नव्हती, ते दोनदा अडखळले. "जगाला दिशा देणारे ऐतिहासिक व क्रांतिकारी पाऊल टाकून, आपल्या कारखान्याने धूरमुक्तीचा देदीप्यमान पराक्रम केला असल्याने..." वाचून झालं. सगळ्यांनी दम घेतला.

"नामंजूर!"

माना मागे वळल्या. काका उभे होते. वडिलांचा शेअर नावावर असून नोकरीत असेपर्यंत ते कधी सभासदांत बसले नव्हते. सभासद म्हणून ही त्यांची पहिलीच सभा.

"करंगळीएवढ्या नळीतला धूर धरला आपण. बाकीचा सांडला. मग धूरमुक्त कावून म्हणायचं? कुणी लिवलं हे?"

मी हात वर केला.

"मोजलंस का?"

मंडप फुटेस्तोवर हसला. चेअरमन तर डोळे पुसत होते. काका स्टेजवर गेले, कानावरची लाल पेन्सिल काढली, उभ्याउभ्या खोडाखोड केली आणि कागद परत दिला. कार्यकारी संचालकांनी पुन्हा वाचलं. तीन ओळी उरल्या होत्या. एका नळीतला धूर राखेच्या पाण्यात धरता आला. पुढच्या हंगामात मोठा मनोरा बांधावा. जे मोजलं जाईल ते, चांगलं वाईट, पुढच्या सभेत वाचावं.

पहिला आवाज माझ्या आईचा. "मंजूर!" मग सगळा मंडप. आमची पोरं सगळ्यात मोठ्याने.

काका ओरडले नाहीत. आवाज विरल्यावर, हात वर करून, एकदाच, हळू म्हणाले, "मंजूर." आणि खाली बसून पिशवीतला पंप काढला. एवढी माणसं एकदम ओरडल्यावर निवळी किती लवकर पांढरी होते, ते त्यांना बघायचं होतं.